केसांना हात लावू न देणारी मुलगी

“ही आता केसांना तेलाचा हात लावू देत नाही, म्हणूनच तिचे केस एवढे गळतात,” अशी तक्रार घेऊन एक आई माझ्याकडे आली, तेव्हा तिची १४ वर्षांची मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून मनगटातले रबरबँड बोटाभोवती गुंडाळत होती. दोघींच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या घरात आजीपासून चालत आलेली एक रीत होती. आठवड्यातून एकदा, केस धुण्याच्या आदल्या रात्री, कोमट तेलाने मालिश करायचे आणि मग घट्ट वेणी घालायची. नोकरी, शिकवणी आणि अपुरी झोप यांच्या रेट्यात ती कधी मागे पडली हे आईला सांगता येत नव्हते, परंतु ती पुन्हा सुरू केली की केसही सुधारतील आणि लेकही जवळ येईल, असा तिचा ठाम विश्वास होता. ही चिंता मी अनेक पालकांकडून ऐकलेली आहे, आणि तिच्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात.

केसांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. चौकशीत कळले की अडीच महिन्यांपूर्वी मुलीला आठवडाभर सडकून ताप आला होता. अशा आजारानंतर नेहमीपेक्षा बरेच जास्त केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे तर एरवीही स्वाभाविकच असते. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्यांचेही निदान तेच आले. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते, मात्र केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटरच वाढत असल्यामुळे भरगच्चपणा परतायला वेळ लागतो. तेल न लावल्याने हे घडले नव्हते. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हा त्याचा खरा उपयोग आहे. पण तेल लावल्याने मुळाशी नवे केस फुटतात असे नाही, आणि कोंडा असलेल्या डोक्यावर तेल मुरत ठेवल्यास कोंडा वाढूही शकतो. घट्ट वेणीबद्दलही सांगावे लागले, कारण सततच्या ताणाने कपाळाकडचे केस विरळ होतात.

दुसरा प्रश्न मात्र खोल होता. मुलीशी एकटीशी बोलले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तेल नको असं नाहीये. आई मागे बसली की मला मान हलवता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच ती गुण विचारते. नाहीतर म्हणते, शेपटी झालीय नुसती वेणीची.” पुढच्या भेटीत, मुलीच्या परवानगीने, मी हे आईला सांगितले आणि विचारले, “तुमची आई तेल लावताना तुम्हाला काय विचारायची?” त्या बाई एकदम थांबल्या. त्यांचा उजवा हात नकळत स्वतःच्या टाळूवर गेला. “काहीच नाही,” त्या हळूच म्हणाल्या, “ती नुसती गुणगुणायची.”

मला वाटते, या रीतीचा सगळा जीव त्या गुणगुणण्यात होता. आपल्या त्वचेत संथ, हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू असतात, आणि समोरासमोर न बसता पाठमोरे बसले की किशोरवयीन मुलांना बोलणे सोपे जाते, हे मी रोजच्या कामात पाहते. परंतु स्पर्श हवासा असेल तरच तो निववतो. जिथून उठता येत नाही अशा जागी तोच स्पर्श जाचक ठरतो.

म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. पहिले तीन आठवडे लेकीने आईच्या डोक्याला तेल लावायचे, वारही तिनेच ठरवायचा. त्या वेळात अभ्यास, गुण आणि केसांची जाडी हे तीन विषय वर्ज्य. गुंता सोडवताना आधी टोकांकडून, मग हळूहळू वर यायचे. शाळेत तेलाचा वास येतो ही मुलीची अडचण आईने तोवर कानाआड केली होती. ती मान्य करून, रात्रभर न ठेवता धुण्याआधी तासभरच तेल लावायचे असे ठरले.

सहाव्या आठवड्यात आई एकटीच आली. मधल्या एका रविवारी मुलीने “आज नको” म्हटले होते आणि आईने काही न बोलता वाटी उचलून ठेवली होती. या सगळ्यांत तेच सर्वांत कठीण गेले, असे त्यांनी सांगितले. त्याच्या पुढच्या रविवारी मुलगी स्वतःच वाटी घेऊन आली, आईकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि रबरबँड काढत म्हणाली, “गुण विचारायचे नाहीत हं, आई.” आईने विचारले नाहीत.