हँडहेल्ड कन्सोल दुरुस्त होण्याजोगा आहे का, हे उघडून पाहताना कशावरून ओळखायचं?

आधी झिजणारे भाग कसे बसवलेत ते बघा: बॅटरी, जॉयस्टिक आणि चार्जिंग पोर्ट. बाकी सगळं नंतर. मी निन्टेन्डोचा स्विच आणि व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक, हे दोन्ही कन्सोल उघडले आहेत, त्यावरून सांगतो. २०१७ च्या स्विचच्या पाठीवर तीन पाकळ्यांचे स्क्रू आहेत. त्यांना साधा स्क्रूड्रायव्हर लावलात की डोकं घासलंच म्हणून समजा. पण आत शिरलं की बरं वाटतं: स्टोरेज वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे, कार्ड रीडरही सुटा निघतो. बॅटरी मात्र चिकटवलेली आणि चार्जिंग पोर्ट थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला, म्हणजे पोर्ट गेला की हॉट एअर स्टेशनवाला (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र असलेला) माणूस शोधा. स्टीम डेकमध्ये जॉयस्टिक तीन स्क्रूंवर सुटते, एसएसडी, म्हणजे स्टोरेजही, बदलता येते (२२३० मापाची, म्हणजे २२ बाय ३० मिमी). बॅटरी तिथेही गोंदानेच बसवलीय. आणि डेक उघडण्याआधी मायक्रोएसडी कार्ड काढा, नाहीतर मागचं झाकण ओढताना ते दोन तुकडे होऊन हातात येतं.

एक लक्षात घ्या: सहज उघडतो म्हणजे सहज दुरुस्त होतो असं नाही. सुटे भाग आणि मॅन्युअल मिळतं का, यावर निम्मा निकाल ठरतो. व्हॉल्व्ह डेकचे भाग आयफिक्सिट या दुरुस्ती-मार्गदर्शन करणाऱ्या कंपनीमार्फत विकते. स्विच २ ला त्याच आयफिक्सिटने दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी ३ गुण दिले.