आधी कपाट उघडा

पत्र: माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. चाचणीत फिजिक्सला 54 टक्के, गणितात 61. चार महिने तो मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) वापरून खिशात मावेल असा कंप्युटर बनवतोय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. तीन बटणं एकदम दाबली की भलतंच चौथं अक्षर उमटतं, एवढ्यासाठी त्याने तीन आठवडे घालवले आणि शेवटी चाळीसही बटणं पुन्हा सोल्डर केली. मी बॅटरीसकट सगळं सामान कपाटात ठेवून कुलूप लावलं, परीक्षेनंतरच मिळेल म्हणून सांगितलं. तेव्हापासून महिनाभर तो माझ्याशी बोलत नाही. फिजिक्सच्या वहीत काय चालतं ते कळावं म्हणून एका पानाचा फोटो जोडतो. कंप्युटर बनवायची एवढी हौस आहे तर कंप्युटर इंजिनिअरिंगच करावं ना? तो इलेक्ट्रॉनिक्स म्हणतो, पण त्यात आता स्कोप नाही. त्याला कसं समजवावं?

उत्तर: तुम्ही विचारलंय शाखेबद्दल, पण माझं मन अडकलं ते ‘महिनाभर बोलत नाही’ यावर. गुण वाढवायला अजून दीड वर्ष हातात आहे. घरातला अबोला मात्र दिवसागणिक घट्ट होत जातो, आणि पुढे शाखा, कॉलेज, जे काही ठरवायचं ते याच मुलाशी बोलून ठरवायचं आहे.

तक्रार म्हणून पाठवलेला तो फोटो मी दोनदा पाहिला. समासात लिहिलंय: ‘128 × 64 = 8192. भागिले 8 = 1024. अर्धी मेमरी गेली!!’ त्याच्या इवल्याशा पडद्यावर आडवे 128 आणि उभे 64 ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका पेटलेला की विझलेला हे लक्षात ठेवायला एक बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे एकूण 1024 बाइट. तो वापरतो त्या एटीमेगा 328 चिपची रॅम, म्हणजे काम करतानाची मेमरी, आहे 2048 बाइट. नुसत्या पडद्यातच निम्मी संपली. त्याखाली दोन ओळी खोडलेल्या आहेत आणि मग चौकटीत ‘21 × 8 = 168’. म्हणजे ठिपके साठवायचेच नाहीत. एका ओळीत 21 अक्षरं, अशा आठ ओळी. अक्षरं तेवढी, प्रत्येकी एका बाइटमध्ये, लक्षात ठेवायची आणि त्यांचे ठिपके दाखवताना काढायचे. 1024 बाइटचं काम त्याने 168 मध्ये बसवलं. शार्प कंपनीचा पीसी-1211 हा खिशातला कंप्युटर 1980 साली आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर एका वेळी 24 अक्षरं मावत. हे पान माझ्या मुलाचं असतं तर मी जपून ठेवलं असतं.

बटणांचंही तेच. चाळीस बटणांना चिपवर चाळीस पिना मिळत नाहीत, म्हणून आडव्या-उभ्या तारांची जाळी करतात. पाच आडव्या, आठ उभ्या, तेरा पिनांत काम भागतं. पण जाळीच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की वीज उलट्या वाटेने फिरते आणि चौथ्या कोपऱ्यावरचं न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दिसतं. उपाय म्हणजे प्रत्येक बटणाला एक डायोड. ‘डायोड एकाच दिशेने वीज जाऊ देतो’ हे वाक्य पुष्कळ मुलं पाठ करून पेपरात लिहितात. तुमच्या मुलाने त्याचा अर्थ तीन आठवडे शोधला आणि चाळीस ठिकाणी सोल्डर केला. याला तुम्ही वेळ घालवणं म्हणालात, ते मला मान्य नाही.

आता स्कोपचं. ‘कंप्युटर बनवायचा म्हणजे कंप्युटर शाखा’ हा गैरसमज नावामुळे होतो. त्या शाखेत भर असतो अल्गोरिदम, डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम यांवर. सर्किट त्या मानाने थोडं. तुमचा मुलगा करतोय त्याला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. वॉशिंग मशीन, गाडीचे ब्रेक, विजेचा मीटर, इन्सुलिन पंप, या सगळ्यांच्या आत असाच एखादा मायक्रोकंट्रोलर बसलेला असतो, आणि तिथे सर्किट व कोड दोन्ही कळणारा माणूस लागतो. तिकडे दोन्ही शाखांतून जाता येतं. इलेक्ट्रॉनिक्सला स्कोप नाही हे तुम्ही कुणाकडून तरी ऐकलंय. अभ्यासक्रम समोर ठेवून, त्याला शेजारी बसवून, एकदा वाचा.

परीक्षांचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच: बारावी आणि प्रवेश परीक्षा, गणित-फिजिक्सला पर्याय नाही.

हे पत्र त्यालाही वाचायला द्या, कारण पुढचं त्याच्यासाठी आहे. बाळा, 54 टक्क्यांवर हव्या त्या कॉलेजचं दार उघडणं कठीण आहे आणि ही वही प्रवेशाच्या वेळी कुणी मागणार नाही. रात्रीचं जागरण बंद कर. कंप्युटरसाठी आठवड्याचे तास तूच ठरव, लिहून बाबांना दे आणि पाळ. तुझी चिप प्रोग्राम चालवते तो फ्लॅशमधून, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतून. कीबोर्डवर टाइप केलेला प्रोग्राम रॅममधून थेट चालणार नाही, त्यासाठी तुला छोटा इंटरप्रिटर, म्हणजे टाइप केलेल्या सूचना वाचून अमलात आणणारा प्रोग्राम, लिहावा लागेल. तिथे घाई चालत नाही.

आणि बाबा, कपाट आजच उघडा. लिथियम सेल सर्किटला जोडलेला राहिला असेल तर महिनाभरात तो प्रमाणाबाहेर उतरला असू शकतो, आणि तसा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. फुगलाय का बघा, व्होल्टेज मोजायला त्यालाच सांगा, तो मोजत असताना शेजारी उभे राहा. आकडा किती आला ते विचारा.