पॉलिसी शिक्षणाची, पैसे मुलीच्या एकतिसाव्या वर्षी

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय ४६, खासगी कारखान्यात नोकरी, हातात महिना ४५ हजार. घरात मी एकटाच कमावता. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा नववीत. मुलीने बारावी सायन्स केलं, बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली, मार्क बरे आहेत. पण कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) लांबचं कॉलेज लागेल म्हणून ओळखीतून जवळच्या कॉलेजात मॅनेजमेंट सीट बघितली आहे. फी वर्षाला पावणेदोन लाख. २५ हजार टोकन दिलं. सात लाखांचं शैक्षणिक कर्ज घ्यावं, की बायकोचे दागिने मोडून कर्ज कमी ठेवावं? मुलीच्या शिक्षणासाठी एक पॉलिसी आहे, वर्षाला एक लाख, दोन हप्ते भरलेत, ती चालूच ठेवणार आहे. कॉलेजवाले म्हणतात, पास झाली की जर्मनीला पाठवू, महिना अडीच लाख पगार. आम्ही ओबीसी आहोत."

दागिने मोडू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य "ती चालूच ठेवणार आहे" हे आहे.

तुम्ही सोबत पाठवलेल्या कागदानुसार दहा वर्षं लाख-लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर साधारण १७ लाख मिळायचे. पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी सोळाची होती. म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा ती एकतीसची असेल. बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलीसाठी ही पॉलिसी "शिक्षणाची" म्हणून गळ्यात मारणाऱ्या माणसाला वजाबाकी येत नव्हती असं मी मानत नाही. त्याला कमिशन दिसत होतं. परतावा काढला तर वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. पीपीएफ ७.१ टक्के देतं. आणि तुम्ही कर्ज घेणार ते साडेदहा टक्क्यांनी. एका खिशातून पाच टक्क्यांवर पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या खिशासाठी साडेदहाने उचलायचे, वर बायकोच्या पाटल्याही मोडायच्या!

त्या कर्जाचाही हिशेब करू. चार वर्षांत सात लाख उचलाल. शिक्षण आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत असतं. ते अडीच लाखांच्या घरात जातं. म्हणजे परतफेड सुरू होईल तेव्हा डोक्यावर साडेनऊ लाख. दहा वर्षांची मुदत धरली तर महिना तेरा हजाराला थोडा कमी हप्ता. नवीन पास झालेल्या मुलीला मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात पंधरा ते पंचवीस हजार मिळतात. वीस धरा. वीसातले तेरा बँकेला गेले की उरलेल्या सातात तिने खोलीभाडं द्यायचं की डबा लावायचा?

पगाराबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांना, अगदी ५० खाटांहून लहान ठिकाणीही, किमान २० हजार मिळावेत आणि २०० खाटांच्या वर सरकारी वेतनाची बरोबरी असावी अशी शिफारस केली. शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून किती ठिकाणी पाळतात ते तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. याउलट एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदाचं मूळ वेतनच ४४,९०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. त्यासाठी नॉरसेट ही परीक्षा आहे. बीएस्सी झालेल्या मुलीला ती लगेच देता येते, जीएनएम (तीन वर्षांची नर्सिंग पदविका) झालेलीला आधी ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्या परीक्षेत मॅनेजमेंट सीट होती की कॅपची, हे कोणी विचारत नाही.

आणि कॅप तुम्ही "लांब पडेल" म्हणून सोडताय. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रमही त्यात येतात, विनाअनुदानित कॉलेजंसुद्धा. अट एकच महत्त्वाची: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला एक रुपयाही माफ नाही. (अभिमत आणि खासगी विद्यापीठं यातून वगळली आहेत, पसंतीक्रम भरताना तेवढं बघा.) तुमचं उत्पन्न सहा लाखांच्या आत दिसतं. "जवळचं" कॉलेज तुम्हाला सात लाखांना पडतंय.

कॅपमधून घराबाहेर गेली तर वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं आणि फीमधले इतर आकार मिळून वर्षाला लाखभर धरा. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? तुमचा पॉलिसीचा हप्ता तेवढाच आहे. तिसरा हप्ता भरला नाही तर मुलीचं पहिलं वर्ष कर्जाशिवाय उभं राहतं. पुढची तीनही तशीच.

पॉलिसीचं काय करायचं? कंपनीकडून समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मधेच बंद केली तर परत मिळणारी रक्कम, लेखी मागवा; एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. दुसऱ्या वर्षात हमीचं मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के, म्हणजे ६० हजार. विशेष समर्पण मूल्य याहून जास्त असू शकतं. सव्वा लाखाच्या आसपास आकडा आला तर घ्या आणि बाहेर पडा. फारच कमी आला तर पेड-अप करता येते का विचारा. पुढे काही भरायचं नाही, मुदतीला घटलेली रक्कम मिळेल. "दोन लाख भरलेत, ते फुकट जातील" या धास्तीने आणखी आठ लाख भरू नका. एजंट घरी येईल, "वहिनी, मुलीचं भविष्य आहे" म्हणेल. चहा द्या, चेक देऊ नका.

पण हे सगळं करण्याआधी एक काम. त्या पॉलिसीत तुमच्या जिवाचं संरक्षण जेमतेम दहा लाखांचं आहे आणि तुमच्याकडे दुसरं काहीच नाही. एकटा कमावता माणूस, दोन शिकणारी मुलं! ५० लाखांचा साधा टर्म विमा (फक्त जिवाचं संरक्षण, शेवटी परतावा नाही) साठाव्या वर्षापर्यंत घ्या. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आत-बाहेर बसावा. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. कुटुंबाचा आरोग्य विमा त्याच महिन्यात.

जर्मनीचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण त्याचा रस्ता कॉलेजच्या ऑफिसातून जात नाही. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळीचं, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल इतकं, जर्मन लागतं. ते शिकायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि पदवी तपासून घ्यावी लागते. आधी इथे दोन वर्षं आयसीयूत काढली तर मुलीच्या अर्जाचं वजन वाढतं. परदेशी नोकरी लावणारा एजंट नोंदणीकृत आहे का बघा. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. पहिल्या वर्षाच्या फीसोबत "जर्मनी रजिस्ट्रेशन" अशी पावती फाडणारं कॉलेज दिसलं तर चपला घालून बाहेर या.

कॅपमधलं कॉलेज निवडतानाही एक सकाळ खर्च करा. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषानुसार कॉलेजचं स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय लागतं. आठ वाजता त्या वॉर्डात जा. खाटांवर पेशंट आहेत की नुसत्या घडी न मोडलेल्या चादरी? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला तिची प्रोसीजरची वही दाखवायला सांगा. किती इंजेक्शनं दिली, किती कॅथेटर घातले, किती बाळंतपणांना उभी राहिली, समोर तारीख आणि सिस्टरची सही. एकाच पेनाने, एकाच दिवशी पानभर सह्या मारलेल्या दिसल्या तर ते कॉलेज पसंतीक्रमात खाली सरकवा, घराच्या कितीही जवळ असलं तरी.

कॅपमधून काहीच लागलं नाही, तर सरकारी संस्थेतलं तीन वर्षांचं जीएनएम आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. एक वर्ष जास्त जाईल, सात लाख वाचतील. मधे थोडं कमी पडलं तर चार लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळतं, तेव्हा घ्या, लागेल तेवढंच.

टोकनचे २५ हजार लेखी अर्ज देऊन परत मागा. त्याआधी एक विचारतो: दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला त्या कॉलेजात जमा करून बसला नाहीत ना? असाल तर उद्याच आणा. कॅपच्या कागदपत्र पडताळणीला जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न आणि अधिवास यांसोबत त्या लागतील. नॉन-क्रीमीलेअर काढलेलं नसेल तर सेतू केंद्रात आजच अर्ज टाका, त्याला दिवस लागतात.