कॅलिफोर्नियात राहिलेल्या जुन्या बँक अकाउंटचे पैसे तिथल्या सरकारकडे गेले, परत मिळतील का?

हो मिळतील, कॅलिफोर्नियात क्लेम करायला मुदतच नाहीये, कितीही वर्षांनी करता येतो. तिथला कायदा असा आहे की साधारण ३ वर्षं खात्यात काहीच हालचाल नाही आणि मालकाशी संपर्कही नाही झाला की बँकेला पैसे राज्याच्या कंट्रोलर ऑफिसकडे (राज्याच्या पैशांचा हिशेब ठेवणारं सरकारी कार्यालय) द्यावेच लागतात, पण सरकार त्याचं मालक होत नाही, फक्त सांभाळून ठेवतं. कंट्रोलर ऑफिसच्या साइटवर नाव टाकून शोधा, ओळखपत्र आणि तिथल्या जुन्या पत्त्याचा पुरावा काढून ठेवा. फी काहीच नाही, त्यामुळे 'आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटला कृपया कमिशन देऊ नका. फक्त शेअर्स असतील तर ते राज्याने विकलेले असू शकतात, मग विक्रीचे जे आले तेवढेच मिळतात.