वाचकांचे प्रश्न: जाम झालेलं इंजिन, तडकलेलं जाकीट आणि मोठं चाक

विहिरीवर विजेची मोटर बसली आणि ऑइल इंजिन गोठ्यामागे गेलं, असं सीमाभागातल्या कितीतरी शेतांवर घडलंय. आता घरातली तरुण मुलं तीच इंजिनं बाहेर काढून हौसेनं चालू करू पाहतायत. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एका सिलिंडरच्या, दोन मोठ्या चाकांच्या, पाण्यानं थंड होणाऱ्या हळू चालीच्या इंजिनांबद्दल आहेत.

प्रश्न: आमचं इंजिन दहा-बारा वर्षं पावसात उभं होतं. चाक जागचं हलत नाही. पहार घालून फिरवलं तर सुटेल का? (एक वाचक, नंदगड, ता. खानापूर)

पहार आधी लांब ठेवा. चाक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बीड दाब सोसतं, वाकणं सोसत नाही. आऱ्यात पहार घालून दोघंजण लोंबकळले की आरा मोडतो, इंजिन मात्र जिथल्या तिथं राहतं.

खानापूरच्या पावसात पाणी बहुतेक वेळा सायलेन्सरच्या उभ्या नळीतून आत शिरतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असताना इंजिन थांबलं असेल, तर ते थेट पिस्टनवर साचतं. म्हणून जाम नक्की कुठे आहे ते आधी शोधा. तळाचा ड्रेन प्लग हळूहळू सैल करा. तेलाच्या आधी पाणी आलं, तर बेअरिंगही तपासावी लागणार हे धरून चाला. मग हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उतरवा. नट हलत नसेल तर पान्याला पाइप लावून ताकद वाढवू नका, स्टड तुटेल. नट गरम करा, मुळाशी तेल सोडा, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत काढा.

हेड निघालं की पिस्टनच्या वर लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) गंजाचं कडं दिसेल. ते एमरी पेपरनं आधी साफ करा. तसंच ठेवलं तर सुटलेला पिस्टन वर येताना त्यातच पुन्हा अडकतो. मग डिझेल आणि गिअरचं लाल तेल (एटीएफ) निम्मं निम्मं मिसळून पिस्टनवर बोटभर ओता आणि आठ-दहा दिवस मुरू द्या. पातळी उतरत गेली तर तेल रिंगांमधून झिरपतंय, म्हणजे काम पुढे सरकतंय.

आता क्रँक कुठे उभा आहे ते पाहा. पिस्टन अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला असेल तर वरून मारलेला घाव क्रँकला फिरवत नाही, सगळा बेअरिंगवर जातो. अशा वेळी बाजूचं झाकण उघडून बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) बोल्ट सोडा आणि पिस्टन खालून वर ढकला. तो अधेमधे असेल तर बोअरपेक्षा (सिलिंडरच्या आतल्या व्यासापेक्षा) थोडा लहान असा बाभळीचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवून किलोभराच्या हातोड्यानं ठोका. घाव हलके आणि पुष्कळ हवेत. एक सूत हलला की थांबा, तेल ओता, चाक उलटं फिरवून पाहा. इतकं करूनही हलला नाही, तर बदलता लायनर असलेल्या इंजिनात लायनर आणि पिस्टन दोन्ही पुलरनं एकत्र ओढून काढता येतात.

पिस्टन निघाल्यावर नवीन रिंगा आणायची घाई करू नका, आधी मोजा. लायनर सगळ्यांत जास्त झिजतो तो वरची रिंग जिथे थांबते तिथे. रिंग एकटी लायनरमध्ये घाला, पिस्टननं ढकलून सरळ बसवा आणि तोंडाची फट फिलर गेजनं पाहा. बोअरच्या दर इंचाला 3 ते 4 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा साधारण हिशोब आहे, म्हणजे साडेचार इंची बोअरला 14 ते 18 थाऊ (0.35 ते 0.45 मिमी). नव्या रिंगेची फट याहून बरीच जास्त आली तर लायनर संपलाय. तिथे रिंगांवर पैसे घालू नका.

प्रश्न: वॉटर जाकिटाला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या कप्प्याला) बाहेरून वीतभर चीर आहे. गावातल्या वेल्डरनं दोनदा जोडली, दोन्ही वेळा शेजारीच फुटली. (एक वाचक, संकेश्वर)

दोष वेल्डरच्या हातात नसावा, बहुधा रॉडमध्ये आहे. साध्या रॉडनं बीड जोडलं की जोडाला लागूनचा भाग झटक्यात थंड होऊन काचेसारखा कडक होतो. आकुंचनाचा ताण आला की तो तिथेच फुटतो.

चीर बाहेरच्या भिंतीला आहे हे बरं. हौदाचं पाणी आपोआप फिरणाऱ्या इंजिनात जाकिटात फारसा दाब नसतो. चिरेची दोन्ही टोकं शोधा: रॉकेल लावून पुसा, वर खडू घासा, थोड्या वेळानं काळी रेघ उमटेल. रेघ संपते त्याच्या जरा पुढे 3 मिमीचं छिद्र पाडा, म्हणजे चीर पुढे पळणार नाही. मग आमची पसंती धातूला टाके घालण्याला: चिरेवर ओळीनं छिद्रं पाडायची, आटे पाडून त्यात प्लग घट्ट बसवायचे, प्रत्येक प्लग शेजारच्याला थोडा कापत जाईल असा. उष्णता नाही, म्हणून नवा ताणही नाही. वेल्डिंगच करायचं असेल तर निकेलचा रॉड, एका वेळी इंचभरच जोड, लगेच हलक्या हातोडीनं टिपणं, हात लावण्याइतकं गार झाल्यावर पुढचा इंच. हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधली चीर असेल तर मात्र यातलं काहीच घरी करू नका.

चीर का पडली, हेही पाहा. बहुतेक वेळा हौद आटतो, इंजिन तापतं आणि कुणीतरी विहिरीचं गार पाणी थेट ओततं. शिवाय जाकिटात क्षारांची खापरी साचलेली असतेच. लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात घालून भरा, दर दोन तासांनी पाहा, मग सोड्याच्या पाण्यानं धुवा. रात्रभर ठेवू नका, बीडही खाल्लं जातं.

प्रश्न: पुलीचा ब्रॅकेट तुटलाय, बाजारात मिळत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतून घेता येईल का? (एक वाचक, येळ्ळूर)

येईल. या कामाला बेळगावइतकी सोय फार थोड्या गावांत आहे. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावातच सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि 1910 साली ते किर्लोस्करवाडीला गेले. आज फाउंड्री, पॅटर्न करणारे आणि टर्नर उद्यमबागेत हाकेच्या अंतरावर भेटतात.

फक्त तुटका ब्रॅकेट तसाच साच्याला देऊ नका. बीड थंड होताना मीटरला साधारण 10 मिमी आकसतं. त्यामुळे 300 मिमीचा भाग 3 मिमी लहान येईल, आणि मशीनिंगला माल उरणार नाही तो वेगळाच. तुकडे जोडून मापं घ्या, लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून घ्या आणि जिथे लेथ लागणार तिथे 3 मिमी जादा ठेवायला सांगा. बोल्टांची छिद्रं ओतवून घेऊ नका, नंतर पाडा.

प्रश्न: चाकाच्या नाभीजवळ केसासारखी रेघ दिसते. वेल्ड करून चालेल? (एक वाचक, निपाणी)

नाही. हे चाक चालवू नका. या सदरातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा हा महत्त्वाचा आहे.

बिडाच्या चाकाच्या काठाचा वेग सेकंदाला 30 मीटरच्या आत ठेवायचा, हा जुना नियम. 600 मिमी व्यासाचं चाक मिनिटाला 650 फेऱ्यांवर सुमारे 20 मीटरनं फिरतं. वेग आवरणारा गव्हर्नर अडकून फेऱ्या 1000 वर गेल्या की तेच 31 मीटर होतात. वेग दीडपट झाला की काठाला फाडणारा ताण सव्वादोनपट होतो. त्यात नाभी चिरलेली असेल तर चाकाचे तुकडे भिंत फोडून जातात.

चांगलं चाकही बसवण्यापूर्वी तपासा. चेन ब्लॉकला टांगून छोट्या हातोडीनं काठावर टिचकी मारा. धड चाक घंटेसारखं वाजत राहतं, चिरलेलं ठस्स वाजतं. चावीच्या (चाक शाफ्टला जखडणाऱ्या पाचरीच्या) खोबणीच्या कोपऱ्यातला रंग पूर्ण खरवडून खडूची परीक्षा करा, चीर बहुधा तिथूनच निघते. चावी काढताना तिच्या डोक्यामागे दोन उलट्या पाचरा घालून दोन्हीकडून सारख्या ठोका. एक चाक निघाल्यावर इंजिन दुसऱ्या बाजूला कलंडतं, म्हणून त्याआधी खाली ठोकळे द्या.

प्रश्न: सगळं जुळवलं, हँडल मारून हात दुखले, पण धूरसुद्धा येत नाही. (एक वाचक, कडोली)

धूर नाही म्हणजे डिझेल आत जात नाही. टाकीपासून पंपापर्यंतची हवा काढा, मग नोझलकडचा (डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोंडाकडचा) नट सैल करून बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत हातानं पंप मारा. नोझल जागेवर असताना ‘कर्र’ असा आवाज आला पाहिजे. नुसतं पाणी ओतल्यासारखं वाटलं तर नोझल चिकटलाय. बाहेर काढून तपासताना फवाऱ्यापुढे हात धरू नका, तो कातडी फोडून आत जातो.

डिझेल येत असेल तर टायमिंग, म्हणजे डिझेल आत सुटण्याची वेळ, तपासा. समजा तुमच्या पुस्तकात वरच्या टोकाआधी 20 अंश दिलेत. 600 मिमीच्या चाकाचा घेर 1885 मिमी, त्याचे 20 अंश म्हणजे काठावर सुमारे 105 मिमी. तेवढी खूण खडूनं करा आणि पंपातून डिझेल नेमकं कुठे यायला लागतं ते खुणेशी ताडून पाहा.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटं फिरलं तर हात सुटतो, मनगट मोडत नाही. पहिल्या वेळी हवेच्या तोंडावर बसेल अशी जाड फळी हाताशी ठेवा. पंपातला डिझेल कमी-जास्त करणारा रॅक अडकून इंजिन सुसाट सुटलं तर डिझेल बंद करा आणि फळीनं हवा बंद करा. हात किंवा फडकं लावू नका. आणि हे सगळं उघड्यावर, बंद खोपीत नाही.

प्रश्न: गंजलेले छोटे भाग घासायचा कंटाळा येतो. दुसरा उपाय? (तोच वाचक)

प्लॅस्टिकच्या टबात 10 लिटर पाणी, 100 ग्रॅम धुण्याचा सोडा. 12 व्होल्टच्या चार्जरची निगेटिव्ह तार भागाला, पॉझिटिव्ह भंगारातल्या साध्या सळईला. सळई आणि भाग एकमेकांना लागू देऊ नका. स्टेनलेस स्टील वापरू नका, पाणी विषारी होतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन यात घालू नका, सोडा तो खातो. स्प्रिंगाही नकोत, त्या ठिसूळ होतात. टब मोकळ्या हवेत ठेवा, वर येणारा वायू पेट घेतो.

प्रश्न: रंग कोणता द्यावा? (एक वाचक, उचगाव)

पितळी पाटीमागचा, ऊन न लागलेला मूळ रंग पाहा आणि तोच जुळवून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं ग्राइंडिंग नको, पाणी लावून घासा. पाटी बफ करू नका. तिच्यावरचा नंबर आणि फेऱ्यांचा आकडा एकदा पुसट झाला की परत मिळत नाही.