रस्ता उंच झाला, पाणी घरात शिरलं: जबाबदारी कोणाची?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न: यंदा उन्हाळ्यात घरासमोरच्या जुन्या रस्त्यावरच काँक्रीट ओतलं. रस्ता सव्वा फूट वर आला, आमचं जोतं खाली गेलं. गटर होतं, पण शेजाऱ्यांनी गाडी आत घ्यायला त्यावर रॅम्प बांधला आणि खाली सहा इंची पाइप टाकला. आषाढात पडवीत गुडघाभर पाणी आलं, मागची मातीची भिंत पडली. पंचायत म्हणते रस्ता झेडपीचा, झेडपीचे इंजिनिअर म्हणतात गटर पंचायतीचं. दारात बांध घालू का? की कोर्टात जाऊ?

उत्तर: बांध घालू नका. तुम्ही अडवलेलं पाणी पलीकडच्या घरात शिरलं, तर आज फिर्यादी असलेले तुम्ही उद्या प्रतिवादी व्हाल. फार तर उंबऱ्याशी वाळूची पोती ठेवा, तीही पाऊस ओसरला की काढण्यासारखी.

कार्यालयात तुम्हाला एक उत्तर हमखास मिळेल: पाणी उताराकडे जाणारच, खालच्याने ते सोसलं पाहिजे. हे अर्धं खरं आहे. 1882 च्या सुखाधिकार (इंग्रजीत ‘ईझमेंट’) कायद्याच्या कलम 7 मध्ये वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या वाहू देण्याची गोष्ट आहे. (हा कायदा मुंबई इलाख्याला 1891 मध्ये लागू झाला आणि बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे तो आपल्याकडेही चालतो.) पण ‘नैसर्गिकरीत्या’ याच शब्दावर तुमची बाजू उभी आहे. पसरून जाणारं पावसाचं पाणी रस्ता उंच करून एकत्र आणलं, त्याची जुनी वाट बुजवली आणि ते तुमच्या दारात सोडलं, तर ते नैसर्गिक राहत नाही.

म्हणून आधी मोजमाप. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा. पाणी भरून एक टोक जोत्याशी आणि दुसरं रस्त्याच्या मध्यावर धरा, दोन्हीकडे खडूने खूण करा, टेप लावून फोटो घ्या. मग गटाराचा तळ तीन ठिकाणी मोजा: रॅम्पच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला आणि नाल्याच्या तोंडाशी. 200 ला 1 असा उतार धरला, तर 20 मीटरमध्ये तळ 10 सेंटिमीटर खाली जायला हवा. तो वर चढलेला दिसला, तर दोष बांधकामातच आहे. पाइपचा हिशेबही लिहून ठेवा. दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल गटाराचं तोंड 324 चौरस इंच, सहा इंची पाइपचं जेमतेम 28. म्हणजे दहावा हिस्साही नाही. त्यात पालापाचोळा अडकला की आत हातही जात नाही. तुमच्या स्वतःच्या दारात असाच रॅम्प असेल, तर तो अर्ज देण्याआधी काढा. समोरचा पक्ष पहिलं बोट तिथेच ठेवेल.

रस्ता कोणाचा, हे तोंडी विचारत बसू नका. पंचायत आणि झेडपीचा इंजिनिअरिंग विभाग, दोघांकडे माहिती अधिकारात स्वतंत्र अर्ज टाका. फी 10 रुपये. कर्नाटकात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, नाहीतर तो फेटाळण्याची सबब मिळते. रस्ता कोणाच्या नोंदवहीत आहे ते विचारा; कामाचं अंदाजपत्रक, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची वही) आणि ठेकेदाराने दुरुस्ती करून देण्याची मुदत मागा. अंदाजपत्रकात गटर असून जागेवर नसेल, तर ‘ते आमचं नाही’ हे कुणालाच म्हणता येणार नाही. गावातल्या गटारांची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते, त्यामुळे रस्ता झेडपीचा निघाला तरी रॅम्प काढण्याबाबत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) हात झटकता येणार नाहीत.

अर्ज मराठीत दिला म्हणून परत करता येत नाही. घटनेचं कलम 350 राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. तरीही माझं मत असं, की सोबत कन्नड प्रत जोडा. फाईल ज्या टेबलावर पडते, तिथे ती त्याच दिवशी वाचली गेली पाहिजे. पोहोच मात्र शिक्क्यासह घ्या.

सर्वांत लवकर फळ देणारा रस्ता तहसीलदारांकडून जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133) ते कार्यकारी दंडाधिकारी म्हणून सार्वजनिक गटारातला अडथळा काढायचा सशर्त हुकूम देऊ शकतात. अर्जावर गल्लीतल्या आणखी पाच-सात घरांच्या सह्या घ्या. दोन शेजाऱ्यांचं भांडण म्हणून मांडलंत तर तुम्हाला दिवाणी कोर्टाची वाट दाखवतील. ‘निधी नाही’ असं ऐकवलं, तर रतलाम नगरपालिकेचा 1980 चा निकाल जोडा. तिथेही उघड्या गटारांचाच प्रश्न होता आणि पैसे नसल्याची सबब सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही.

एवढ्यानेही हललं नाही, तर दिवाणी दावा. त्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. पावसाळा तोंडावर असेल तर कोर्टाच्या परवानगीने ती टाळता येते. पंचायत आणि झेडपी दोघांनाही पक्षकार करा. दाव्यात रस्ता उखडून मागू नका. रस्त्यांसारख्या कामात अडथळा येईल असा मनाई हुकूम देण्यावर 2018 पासून बंधन आहे. मागायचं ते गटर, योग्य उतार, रॅम्प काढणं आणि नुकसानभरपाई. पहिल्याच तारखेला कोर्ट कमिशनरचा अर्ज द्या, जागेची पाहणी पाऊस असतानाच व्हायला हवी.

भरपाई मागायला उशीर करू नका. कायद्याखाली केलेल्या किंवा न केलेल्या कृतीबद्दलच्या भरपाईला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 72 प्रमाणे एकच वर्ष मिळतं. भिंत पुन्हा उभी करण्याआधी तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या, घराचा ई-स्वत्तू उतारा (पंचायतीकडचा मिळकतीचा ऑनलाइन उतारा) जोडा आणि पडलेल्या मातीचा ढीग, भिंतीवरची पाण्याची रेघ यांचे तारखेसह फोटो ठेवा. रेघ चुन्याने सारवण्याआधी टेपने मोजा.