मार्चमध्ये आईवडिलांना घेऊन चार दिवस पुण्यात निवांत राहायचं आहे. हवा कशी असते आणि हॉटेल कुठल्या भागात घ्यावं?

हिंजवडीचं, म्हणजे आयटी कंपन्यांच्या भागातलं, हॉटेल घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवार धरला तर तिथल्या एका मोठ्या हॉटेलचा दर बराच उतरतोय, पोहण्याचा तलाव आहे, नाश्ता त्यातच आहे. दर का उतरतो ते आधी समजून घ्या. ती हॉटेलं कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्या लोकांवर चालतात. सोमवार ते गुरुवार भरलेली असतात, शुक्रवारी संध्याकाळी रिकामी होतात. खराडीचंही तेच. सुट्टीवर आलेल्या माणसाला त्या भागात करण्यासारखं काही नसतं, म्हणून खोली स्वस्त मिळते. वाचलेले पैसे कॅबवाल्याकडे जातात, आणि वेळ जातो तो वेगळाच.

माझी ताई नागपूरला दिलेली. मेट्रो सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. मार्चअखेर ती, भाऊजी आणि तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, असे तिघं पुण्याला आले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, काकूंचे गुडघे दुखरे, त्यामुळे हॉटेलात उतरायचं ठरलं ते ठीकच होतं. मी शहराच्या मधोमध, डेक्कनला आपटे रोडच्या आतल्या बाजूची एक जुनी जागा सुचवली होती. दोन मजली इमारत, पुढे अंगण, अंगणात आंब्याचं झाड आणि तळमजल्यावर पूर्वेकडे उघडणाऱ्या खोल्या. भाऊजींनी फोटो पाहिले आणि म्हणाले, "हे तर लॉज दिसतंय." त्यांनी हिंजवडीला दहाव्या मजल्यावरची खोली घेतली. उन्हाचं बोलले तर म्हणाले, "आमच्याकडे पंचेचाळीस असतं, तुमच्या पुण्याचं ऊन ते काय!"

अहो, नागपूरची घरं उन्हासाठी तयार असतात. होळी झाली की कूलर बाहेर निघतात, वाळा लागतो, दुपारच्या खिडक्या मिटतात. त्या हॉटेलच्या खोलीला पश्चिमेला भिंतभर काच होती, न उघडणारी. मी चारच्या सुमारास भेटायला गेले आणि पडदा सारायला हात लावला, तर नुकतीच इस्त्री फिरवावी तसा गरम. एसी अठरावर. तरी काचेजवळच्या खुर्चीत भाऊजी घामाघूम, आणि काकू पलंगाच्या आतल्या कडेला, थेट गार झोताखाली, अंगावर शाल ओढून बसलेल्या. तलाव उघड्यावर होता. भर दुपारी त्यात एकही माणूस नव्हता.

खरा राग मला दुसऱ्या दिवसाचा आहे. काकूंना पुण्यात एकच जागा बघायची होती, आगाखान पॅलेस. त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. कस्तुरबांच्या समाधीवर फुलं वाहायची, हे त्यांच्या मनात लहानपणापासून होतं. मी म्हटलं होतं, सकाळी उघडल्या उघडल्या जाऊ. पण नाश्त्याचे पैसे भरलेत म्हणून दहापर्यंत नाश्ता चालला. हिंजवडी पुण्याच्या पश्चिम टोकाला आणि पॅलेस पूर्वेला नगर रोडवर. वाकड, औंध, विद्यापीठ चौक, सगळीकडे अडकत साडेबाराला पोचलो. गांधीजी 1942 च्या ऑगस्टपासून 1944 च्या मेपर्यंत तिथे कैदेत होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा, दोघांचंही निधन तिथेच झालं. त्या खोल्या काकूंनी भिंतीला धरून धरून पाहिल्या. मागे समाधीकडे जायची वेळ आली तेव्हा मात्र व्हरांड्यातच बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गं, मी इथूनच नमस्कार करते." पिशवीत मोगरा होता तो माझ्या हातात दिला.

परतताना गाडीत भाऊजी म्हणतात, "पुण्यात बघण्यासारखं आहे तरी काय? शनिवारवाडा म्हणजे नुसता दरवाजा आणि भिंती." हे वाक्य ते अजून प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. वाडा 1828 च्या आगीत जळला, आतल्या इमारती राहिल्याच नाहीत, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आणि दुपारी दोन वाजता, पाच किलोमीटरला तासभर घालवून, कुठलंही गाव पाहिलं तर ते असंच दिसणार.

आता हवेचं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, घाटाच्या पूर्वेला. पावसाळा सोडला तर हवा कोरडी, म्हणून रात्र आणि दुपार यांत फार अंतर पडतं. मार्चमध्ये पहाटे 15-16 अंश आणि दुपारी 35-36 हे नेहमीचंच. एप्रिलमध्ये दुपार 38 वर किंवा त्याच्याही पुढे जाते आणि रात्रीही विशीच्या खाली फारशी येत नाही. पण उन्हं कलली की पश्चिमेकडून वारा सुटतो, आणि संध्याकाळी साडेसहाला तुम्ही प्रभात रोडच्या एखाद्या गल्लीतून चालत असाल तर दुपारचं ऊन आठवणारही नाही. म्हणजे दिवसाचे चांगले भाग दोन. उजाडल्यापासून साडेदहापर्यंत एक, साडेपाचनंतर दुसरा. मधली वेळ खोलीत काढायची. पेठांतली बरीच दुकानं दुपारी बंद असतात, त्याला लोक नावं ठेवतात. मला ती शहाणपणाची रीत वाटते.

म्हणूनच मी म्हणते, खोली दुपारसाठी घ्या. रात्री झोप कुठेही लागते. पश्चिमेची काच नको. सगळ्यात वरचा मजला तर नकोच, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. खिडकी उघडणारी हवी आणि छताला पंखा हवा. नव्या हॉटेलांत बहुतेक पंखाच नसतो, म्हाताऱ्या माणसांना रात्रभर एसी सोसत नाही. आणि सकाळचं फिरणं पायी किंवा दहा मिनिटांच्या रिक्षात उरकून परत खोलीवर येता आलं पाहिजे. हे सगळं डेक्कन, आपटे रोड, प्रभात रोड, भांडारकर रोड या पट्ट्यात जमतं. जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर लेणं, आठव्या शतकातलं, अखंड खडकात कोरलेलं, तिथून चालत जाता येतं. सकाळी आत शिरलात की दगडाचा गारवा पायांना लागतो.

पुढे ताई काकूंना घेऊन पुन्हा आली, फेब्रुवारीच्या शेवटी. भाऊजींना कामामुळे जमलं नाही. या वेळी त्या दोघी मी सांगितलेल्याच जागी उतरल्या. डेक्कनहून मेट्रो, कल्याणीनगरला उतरून रिक्षा, आणि नऊच्या सुमारास आम्ही पॅलेसच्या दारात. काकू समाधीपर्यंत काठी टेकत स्वतः गेल्या. पदराच्या टोकानं कडेची धूळ पुसली, मग फुलं ठेवली. साडेअकराला परत खोलीवर, वरणभात खाऊन चारपर्यंत झोप. संध्याकाळी आल्या-लिंबाचा उसाचा रस, बिनबर्फाचा. चालताना रस्त्यात गुलाबी टबेबुयाचं झाड फुललेलं दिसलं तर ताई विचारत होती की मागच्या वेळी हे कसं दिसलं नाही. कॅबच्या बंद काचेतून काय दिसणार?

तारखा हलवता येत असतील तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत या. बहावा आणि भरपूर हापूस हवा असेल तर एप्रिल, पण मग दुपारी बाहेर पडायचं नावच काढायचं नाही, आणि संध्याकाळी वळीव गाठू शकतो, कधी गारांसकट.

डेक्कनच्या जुन्या हॉटेलांत त्रास नाही असंही नाही. काही ठिकाणी लिफ्ट नसते, गरम पाणी फक्त सकाळी येतं, गाडी लावायला जागा मिळत नाही. फर्ग्युसन रोडच्या तोंडावरची खोली घेतलीत तर गाड्यांचा आवाज रात्रीपर्यंत, म्हणून आतली गल्ली बघा. लग्नसराई असते, तेव्हा हॉल किंवा लॉन लागून आहे का तेही विचारा. आणि बरोबर लहान मुलं असतील, दोन दिवस नुसतं पाण्यातच डुंबायचं असेल, तर हिंजवडी चालेल. तुमच्या प्रश्नात आईवडील आहेत.

हॉटेलचं नाव मी मुद्दाम देत नाही. मालक बदलतात, दोन वर्षांत जागेची रया जाते. वेबसाइटवरून बुकिंग करायच्या आधी सरळ फोन करा आणि खोली कुठल्या दिशेला आहे ते विचारा. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडे उतरू नका. हिंजवडीचं बुकिंग करून ठेवलं असेल आणि ते फुकट रद्द होत असेल तर आजच रद्द करून टाका, आणि नाश्त्याची काळजी सोडा, डेक्कनला सकाळी सातपासून पोहे-उपमा मिळतो.